द्राक्षारस, फेणी आणि पंगत : कॅथलिक सणांतील मद्याचे सामाजिक स्थान

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा सुरू असते. वेदीवरील चषकात धर्मगुरू थोडा द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचा एखादा थेंब मिसळतात. संपूर्ण विधीत मद्याचा संबंध येतो तो एवढाच, आणि तो जालन्यातील छोट्या प्रार्थनामंदिरात जसा असतो तसाच जुन्या गोव्यातील कॅथेड्रलमध्येही असतो. मंदिराबाहेरचे चित्र मात्र प्रदेशागणिक बदलते. गोव्यात सणाच्या पाहुण्यापुढे फेणीचा पेला येतो, वसई-मुंबईकडे घरी केलेल्या वाइनची बाटली उघडली जाते, तर मराठवाड्यातील ख्रिस्ती वस्तीत भजनानंतर चहा आणि पंगत असते. धर्म एक, विधी एक, तरीही मद्याकडे पाहण्याची रीत वेगवेगळी. हा फरक कसा पडला, सणातील मद्य समाजात नेमके कोणते काम करते आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

विधीतील द्राक्षारस

येशू ख्रिस्ताने शिष्यांसमवेत घेतलेल्या अखेरच्या भोजनाची स्मृती हा मिस्साविधीचा गाभा. त्या भोजनात भाकर आणि द्राक्षारस होता, म्हणून कॅथलिक परंपरेत या दोन वस्तूंना पर्याय नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधी संहितेतील ९२४ वे कलम सांगते की मिस्सासाठी वापरायचा द्राक्षारस द्राक्षाच्या फळापासून नैसर्गिकरीत्या तयार झालेला असावा आणि तो बिघडलेला नसावा. वरून साखर, रंग वा अन्य मद्यार्क मिसळून केलेले पेय वेदीवर चालत नाही. जुलै २०१७ मध्ये व्हॅटिकनने जगभरातील धर्माध्यक्षांना पत्र पाठवून भाकर आणि द्राक्षारस यांच्या शुद्धतेबाबत दक्ष राहण्याची पुन्हा आठवण करून दिली.

हा द्राक्षारस आंबवलेला असतो. म्हणजेच त्यात मद्यार्क असतो. मद्याच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या धर्मगुरूसाठी तो अडचणीचा ठरू शकतो. अशा वेळी धर्माध्यक्षांच्या परवानगीने 'मुस्तुम' वापरण्याची मुभा आहे. मुस्तुम म्हणजे ज्याचे आंबणे अगदी आरंभीच रोखले आहे असा द्राक्षाचा ताजा रस. वेदीवर उभे राहणाऱ्यालाही व्यसन जडू शकते, हे चर्चने या तरतुदीतून मान्य केले आहे.

सर्वसामान्य भाविकाच्या वाट्याला हा द्राक्षारस क्वचितच येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही प्रसंगी भाविकांनाही चषकातून द्राक्षारस देण्याची मोकळीक मिळाली, तथापि भारतातील बहुतेक चर्चमध्ये भाविकांना ख्रिस्तप्रसाद भाकरीच्याच रूपात दिला जातो. त्यामुळे 'कॅथलिकांच्या पूजेतच दारू असते' हा सर्रास ऐकू येणारा समज वस्तुस्थितीला धरून नाही. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काहीही खाऊपिऊ नये, असाही नियम आहे. पाणी आणि औषध यांचाच काय तो त्याला अपवाद. पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून पाळावा लागे.

भाषेनेही हा भेद जपला आहे. मराठी बायबलमध्ये 'द्राक्षारस' हा शब्द रूढ झाला. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाल्याची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा मराठी ख्रिस्ती माणसाला याच शब्दातून ठाऊक असते. मराठी कानाला द्राक्षारस म्हणजे विधी आणि दारू म्हणजे व्यसन. एकाच पदार्थवर्गातील या दोन शब्दांमध्ये सामाजिक प्रतिष्ठेचे मोठे अंतर आहे.

प्रोटेस्टंट परंपरेने याबाबत पुढचे पाऊल टाकले. अमेरिकेत १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून त्याचे आंबणे रोखण्याची पद्धत प्रभुभोजनासाठीच वापरात आणली. आजही अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये न आंबवलेला रस वापरला जातो. जालन्यातील ख्रिस्ती जीवन समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण तेथे दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात.

दारूबंदीतही चषक सुरूच

महाराष्ट्रात मद्याचा प्रश्न निघाला की कायद्याची चौकट आधी पाहावी लागते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात सर्वत्र दारूबंदी झाली. या कायद्यास आव्हान देणारा बलसारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंवरील निर्बंध मात्र टिकले नाहीत.

इतक्या कडक कायद्यातही धार्मिक विधीपुरत्या द्राक्षारसाची सोय ठेवण्यात आली होती. अमेरिकेतील १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीतही विधीच्या द्राक्षारसाला अशीच सूट होती. १९६० मध्ये द्विभाषिक राज्याचे विभाजन झाल्यावर गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. तरीही तेथील कॅथलिक चर्चमध्ये मिस्साविधी खंडित झाला नाही. राज्यसत्तेने विधी आणि सेवन यांत केलेला हा भेद चर्चच्या भूमिकेशी बराचसा जुळणारा आहे.

चर्चबाहेरच्या कॅथलिक जीवनावर मात्र दारूबंदीचा खोल परिणाम झाला. मुंबईत चोरटे गुत्ते फोफावले. त्यांतील काही गुत्ते कॅथलिक स्त्रिया आपल्या राहत्या घरातच चालवीत. 'आंटीचा अड्डा' हा शब्द मुंबईच्या बोलीत रुजला तो याच काळात. विधवा वा बेरोजगार नवऱ्याच्या स्त्रीसाठी तो पोटापाण्याचा मार्ग होता, पण त्यातून ख्रिस्ती माणूस म्हणजे दारूशी संबंधित माणूस अशी प्रतिमा घट्ट झाली. हिंदी चित्रपटांनी ती देशभर नेली. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील लोकप्रिय अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो, हे येथे आठवावे. ज्याने समुद्रकिनारा पाहिलेला नाही अशा मराठवाड्यातील ख्रिस्ती तरुणालाही नाताळ जवळ आला की 'यंदा पार्टी कुठे' असे विचारले जाते, त्याचे मूळ बव्हंशी या प्रतिमेत आहे.

गोव्याचे फेस्त आणि फेणी

सणातील मद्याची सर्वांत संपन्न परंपरा गोव्यात आढळते. त्यामागे धर्मापेक्षा भूगोल आणि अर्थकारण अधिक आहे. माडाची सूर काढणे आणि तिच्यापासून मद्य गाळणे हा व्यवसाय किनारपट्टीवर पोर्तुगीजांच्या आधीपासून होता. गोव्यात सूर काढणाऱ्या रेंदेर समाजातील पुष्कळ कुटुंबे पुढे कॅथलिक झाली. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले आणि काजूच्या बोंडापासून मद्य गाळण्याची कला गोव्यातच विकसित झाली. बोंडे तुडवून निघालेला रस आंबवला जातो, भट्टीवर पहिल्यांदा गाळला की सौम्य हुर्राक मिळते आणि पुन्हा गाळल्यावर तीव्र फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.

काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. त्यानंतर लगेचच जूनमध्ये पाऊस आणि सण एकत्र येतात. २४ जून हा संत योहान बाप्तिस्ता यांचा सण गोव्यात 'सांजाव' म्हणून साजरा होतो. डोक्यावर पानाफुलांचे 'कोपेल' घालून, घुमट वाजवीत तरुणांचे जथे घरोघर जातात आणि भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. मरीया भेटीस आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील योहानाने आनंदाने उडी घेतली, या शुभवर्तमानातील प्रसंगाशी ही उडी जोडली जाते. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावला जावई सासुरवाडीला येतो; ज्या घरी नवा जावई किंवा नवे मूल आले आहे, त्या घराने जथ्याला फळे, खाद्यपदार्थ आणि फेणी द्यायची असा रिवाज आहे. शिवोली येथील सजवलेल्या होड्यांचा उत्सव पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. पाच दिवसांनी, २९ जूनला, संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाला मच्छीमार होड्या जोडून 'सांगोड' बांधतात.

याहून शांत, पण सामाजिकदृष्ट्या अधिक बोलकी प्रथा म्हणजे 'लदीन'. वाड्यावरच्या क्रुसापुढे किंवा घरातील देवघरापुढे शेजारीपाजारी जमतात, व्हायोलिनच्या साथीने प्रार्थना गायली जाते. प्रार्थना संपली की सर्वांना उकडलेले चणे वाटले जातात आणि मोठ्यांना फेणीचा छोटा पेला दिला जातो. अनेक गावांत हिंदू शेजारीही त्यात सहभागी होतात. हे आदरातिथ्य मोजके असते. पेला लहान, वेळ ठरलेली आणि आजूबाजूला वडीलधारी मंडळी. मद्याला मर्यादेत ठेवणारी सामाजिक यंत्रणा कशी असते, याचे हे उत्तम उदाहरण मानता येईल.

गावच्या संताच्या फेस्ताचे गणित मात्र निराळे. नऊ दिवसांचे नोव्हेना, बँड, रोषणाई, पाहुण्यांची सरबराई हा खर्च यजमानपद स्वीकारलेल्या कुटुंबाकडे किंवा मंडळाकडे जातो. यजमानपद हा मान असतो आणि मानाबरोबर खर्चाची चढाओढ येते. पूर्वी घरच्या किंवा गावच्या भट्टीतली फेणी असे; आता बाटलीबंद विदेशी मद्य ठेवले नाही तर कमीपणा वाटतो. सणातील मद्य येथे आपुलकीच्या देवाणघेवाणीतून प्रतिष्ठेच्या प्रदर्शनाकडे सरकते.

वसई-मुंबईची रीत

उत्तर कोकणातील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची परंपरा गोव्याहून वेगळी आहे. मुंबई-साष्टीतील मूळ कॅथलिक समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' हा सुगीचा सण येतो. भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केल्या जातात आणि मग घरोघरी जेवणे होतात. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याचा 'उंबराचे पाणी' हा विधी आणि तेथे छोट्या पेल्यांतून दिले जाणारे 'खिमाड' प्रसिद्ध आहे. खिमाड म्हणजे साखर आणि दालचिनीसारखे मसाले घालून गरम केलेले गावठी मद्य.

येथे मद्य केवळ पिण्यासाठी नव्हते. ताडीने पीठ आंबवून केलेले फुगे ईस्ट इंडियन सणाच्या ताटात असत, तसे गोव्याच्या सान्ना सुरेने फुगत. सूर दुर्मीळ झाली तशी त्या जागी यीस्ट आले आणि चव बदलली. ताडाचे झाड, ते चढणारा कारागीर आणि सणाचे पक्वान्न असा एक धागा होता. शहरीकरणात तो तुटला.

नाताळची घरगुती वाइन ही आणखी एक ओळखीची प्रथा. काळी द्राक्षे वा मनुके, साखर, यीस्ट आणि थोडे मसाले बरणीत भरून काही आठवडे मुरवतात. आले, बीट, जांभूळ यांचीही वाइन होते. पाककृती आईकडून मुलीकडे जाते आणि नाताळच्या फराळाच्या ताटाबरोबर छोटी बाटली शेजारी पोचते. मात्र परवान्याशिवाय मद्य तयार करणे कायद्यात बसत नाही, याची फारशी जाणीव नसते. डिसेंबर २०१९ मध्ये केरळच्या उत्पादनशुल्क खात्याने घरगुती वाइनबाबत इशारा दिला तेव्हा ही बाब चर्चेत आली होती. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठीही औपचारिकदृष्ट्या परवाना लागतो, हेही अनेकांच्या गावी नसते.

जालना : जेथे सण चहावर होतो

किनारपट्टीवरून मराठवाड्यात आले की दृश्य पालटते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो मुंबई राज्यात आला. साहजिकच मुंबईतील गुत्त्यांची संस्कृती या भागाच्या स्मृतीत नाही.

जालन्याची ख्रिस्ती ओळख प्रथम घडली ती प्रोटेस्टंट मिशनमुळे. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने जालन्यात काम केले आणि शहराजवळ 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्यासाठीची जमीन हैदराबादचे दिवाण सालार जंग यांच्या राजवटीत मिळाली. कॅथलिक मिशनरी मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावले. फ्रान्समधून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स मंडळाच्या धर्मगुरूंनी घोगरगावपासून हे काम वाढवले. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली आणि जालना त्यात आला.

या धर्मप्रांतातील कॅथलिक समाज प्रामुख्याने ग्रामीण, कष्टकरी आणि दलित पार्श्वभूमीचा आहे. गावगाड्यात ज्या जातींना जत्रेतील बळी, ढोल आणि दारू यांच्याशी निगडित कामे करावी लागत, त्यांच्यातूनच ख्रिस्ती झालेली कुटुंबे मोठ्या संख्येने आली. त्यांच्यासाठी धर्मांतराचा एक अर्थ त्या कामांतून आणि त्यांना चिकटलेल्या हीनतेतून सुटका हा होता. दुसरीकडे, भोवतालचा मराठवाडा वारकरी परंपरेने भारलेला. माळ घातलेला माणूस मांस-मद्य वर्ज्य करतो आणि गावात त्याला मान मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांनी भजन, टाळ-मृदंग आणि पंगत ही भक्तीची भाषा आपलीशी केली. अशा ठिकाणी सणाच्या दिवशी उघडपणे मद्य देणे प्रतिष्ठेचे ठरत नाही. उलट ती मागे टाकलेल्या आयुष्याकडे परतण्याची खूण वाटते. 'किनाऱ्यावरचा ख्रिस्ती पितो आणि पठारावरचा पीत नाही' असे याचे सोपे सूत्र मात्र करता येणार नाही. जालन्यातही पिणारे आहेत. फरक एवढाच, की गोव्यातला पेला मांडवात असतो आणि येथला मांडवामागे.

मराठवाड्यातील कॅथलिकांच्या सणाची दुसरी बाजू म्हणजे यात्रा. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये मरीयेच्या जन्मोत्सवानिमित्त भरणारी मतमाउलीची यात्रा ही या भागातील मोठी यात्रा. भाविक नवस बोलतात, फेडतात, पायी येतात. तमिळनाडूतील वेलंकणीला जाणारे यात्रेकरू भगवी वस्त्रे घालून उपवास करतात. नवसाच्या या भक्तीत संयम हाच अर्पणाचा भाग असतो. 'मूल बरे झाले तर वर्षभर दारू सोडीन' असा नवस यात्रेतच बोलला जाऊ शकतो, फेस्तात नव्हे. स्थूलमानाने असे म्हणता येईल की जेथे सण गावच्या यजमानीचा असतो तेथे मद्याला जागा मिळते आणि जेथे सण नवसाचा असतो तेथे मद्याचा त्याग मोलाचा ठरतो. गोव्याचे फेस्त पहिल्या प्रकारातले, तर मराठवाड्याची भक्ती मुख्यत: दुसऱ्या प्रकारातली.

जालन्याच्या बाबतीत एक विलक्षण योगही नोंदवण्यासारखा आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे दुष्काळी गाव आज द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. १९९० च्या दशकात तेथे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून मृद्संधारणाची कामे झाली, खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने मार्गदर्शन केले आणि पाणी टिकल्यावर शेतकरी द्राक्षाकडे वळले. हा कार्यक्रम राज्यात उभा करण्यात स्वित्झर्लंडहून आलेले जेज्वीट धर्मगुरू हर्मन बाखर यांचा पुढाकार होता. कडवंचीची द्राक्षे खाण्यासाठी पिकतात, चषकासाठी नव्हे. तरीही एका कॅथलिक धर्मगुरूने आरंभलेल्या कामातून या जिल्ह्यात द्राक्ष आले आणि ते उत्पन्नाचे साधन बनले.

पेल्याचे काम

सणातील मद्य समाजात चार-पाच कामे करते, असे या परंपरांकडे पाहून दिसते. पहिले काम स्वागताचे. आलेल्याला काही दिल्याशिवाय पाठवायचे नाही ही भावना. दुसरे, श्रमाची परतफेड. लदीन गाणारे, वाजंत्री, होडी सजवणारे यांना रोख मजुरी देणे अपमानास्पद वाटते, तेथे पेला आणि जेवण हे मानधन ठरते. तिसरे काम समेटाचे. वर्षभर अबोला धरलेले भाऊबंद सणाला एका बाकावर बसतात. चौथे, काळाची विभागणी. राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, त्याच्या आधी गोव्यात 'इंत्रुज' साजरे होते आणि पुढचे चाळीस दिवस अनेक कॅथलिक मद्य सोडतात. पाचवे काम, ओळख सांगण्याचे. परदेशी वा शहरात गेलेल्या कुटुंबाला नाताळची वाइन ही आपल्या घराची खूण वाटते.

परंतु ही सर्व कामे पुरुषांच्या दृष्टीने मांडलेली आहेत, हे विसरता येत नाही. पेल्याभोवती बसणारे बहुतांशी पुरुष असतात. स्वयंपाकघरात राबणाऱ्या आणि रात्री उशिरा नवऱ्याला घरी आणणाऱ्या स्त्रिया असतात. स्वागताचा खर्च, उसनवारी आणि दुसऱ्या दिवशीची मोडलेली मजुरी यांचा हिशेब त्यांच्याकडे येतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात सणाचे दोन दिवस पुढचे दोन आठवडे खाऊन टाकू शकतात. शिवाय स्वस्तातली दारू जिवावर बेतते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक बळी घेतले. सांजावच्या दिवशी नशेत विहिरीत उडी घेऊ नये, अशा सूचना गोव्यात वारंवार द्याव्या लागतात, त्यामागेही बुडण्याच्या दुर्घटनांचा अनुभव आहे.

चर्चची भूमिका

कॅथलिक चर्च मद्याला मूलत: पाप मानत नाही, अतिरेकाला मानते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांच्या अतिरेकापासून दूर राहणे हे संयमाच्या सद्गुणात मोडते आणि नशेत वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष ठरतो, असे सांगितले आहे. संपूर्ण मद्यत्यागाच्या चळवळीही चर्चमध्ये झाल्या. आयर्लंडमध्ये फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये शपथेची मोहीम सुरू केली आणि १८९८ मध्ये फादर जेम्स कलन यांनी 'पायोनियर' संघटना स्थापली. भारतात केरळच्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी मद्यविरोधी कार्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला असून राज्याच्या मद्यधोरणावर तो सातत्याने बोलत आला आहे.

महाराष्ट्रातील सर्वांत भरीव काम उपचाराच्या क्षेत्रात झाले. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन'ची सुरुवात केली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना योगसाधनेची जोड देणारी ही पद्धत देशात अनेक ठिकाणी पोचली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे काम भारतात १९५७ पासून सुरू आहे. चर्चच्या आवारात वा शाळेच्या वर्गात भरणाऱ्या त्यांच्या सभांना कोणत्याही धर्माच्या माणसाला मोफत जाता येते आणि नाव-गाव विचारले जात नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात कायद्याने स्त्रियांच्या हाती आणखी एक साधन दिले आहे. ठरावीक संख्येने मतदारांनी मागणी केल्यास गावातील दारू दुकानाबाबत गुप्त मतदान होते आणि निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडल्यास दुकान बंद होते. त्यात धर्माचा भेद नाही. वस्तीतील ख्रिस्ती, बौद्ध, मातंग आणि मराठा स्त्रिया एकाच रांगेत उभ्या राहतात.

सणात मद्य असावे की नसावे, हा निर्णय अखेरीस प्रत्येक गावाने आणि कुटुंबाने घ्यायचा असतो. पेला लहान असेल, वेळ ठरलेली असेल, तो नाकारणाऱ्याला कोणी हसत नसेल आणि त्याचा खर्च घरातील स्त्रीला विचारून झाला असेल, तर लदीनच्या चण्यांबरोबरची फेणी शेजारधर्म वाढवते. यांतील एकही अट नसेल, तर जालन्यातील भजनानंतरच्या चहाने सणात काही उणे पडत नाही. वेदीवरील चषकाला यांपैकी कशाचीच गरज नसते. त्याला काही थेंब पुरतात.

काही संज्ञा

मिस्सा : कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, तीत भाकर व द्राक्षारस अर्पण केला जातो.

ख्रिस्तप्रसाद : मिस्सामध्ये आशीर्वादित होऊन भाविकांना दिली जाणारी भाकर.

फेस्त : गावच्या किंवा चर्चच्या संताचा वार्षिक सण.

लदीन : क्रुसापुढे वा घरी म्हटली जाणारी सामुदायिक प्रार्थना.

हुर्राक : काजूच्या आंबवलेल्या रसाचे पहिल्यांदा गाळलेले सौम्य मद्य, ते पुन्हा गाळल्यावर फेणी होते.

खिमाड : ईस्ट इंडियन समाजात समारंभप्रसंगी दिले जाणारे गरम, मसालेदार मद्य.

प्रायश्चित्तकाळ : राखेच्या बुधवारपासून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा संयमाचा काळ.